रिपोर्टात ‘सेन्सिटिव्ह’, मग गुडघ्यातला पस का थांबत नाही?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचे पत्र, थोडक्यात आणि ओळख पटणार नाही अशा बेताने:

“आईचे वय ६८. दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. सात-आठ महिने छान गेले, ती जिना चढायला लागली. मग गुडघा सुजला, टाक्यांच्या रेषेजवळ फोड येऊन फुटला आणि त्यातून पस येऊ लागला. पस तपासायला दिला. स्टॅफिलोकोकस निघाला, आणि यादीतल्या बहुतेक औषधांपुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेले होते. सहा आठवडे गोळ्या झाल्या, भोक बुजले, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. गोळ्या थांबल्या आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पुन्हा तपासणी, तोच जंतू, पुन्हा ‘सेन्सिटिव्ह’. दुसरा कोर्सही तसाच गेला आणि पस परत आला, म्हणून सध्या तिसऱ्यांदा गोळ्या चालू आहेत. आता सर्जन म्हणतात, इम्प्लांट काढायचे, दीड-दोन महिने आत औषधी सिमेंट ठेवायचे आणि मग नवा सांधा बसवायचा. औषध लागू पडते असे रिपोर्टच सांगतो, तर ऑपरेशन कशाला? मामा म्हणतात, हा बिल वाढवायचा प्रकार. ओळखीचा केमिस्ट म्हणतो, यापेक्षा हेवी अँटिबायोटिक घेऊन बघा. ताईचे म्हणणे, आई लग्नाला गावी गेली तेव्हा चार दिवस गोळ्या चुकल्या, त्याचेच हे फळ. त्यावरून घरात बरीच बोलाचाली झाली. डॉक्टर बदलू, हेवी औषध मागू, की ऑपरेशनला हो म्हणू?”

आधी रिपोर्टाचेच बघू, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

निवृत्त होईपर्यंत अशा रिपोर्टांवर सह्या करणे हे माझे रोजचे काम होते. पसाचा नमुना आला की त्यातला जंतू आधी रात्रभर वाढवतात. दुसऱ्या दिवशी जंतूंचे खाद्य भरलेल्या प्लेटवर उगवलेले ठिपके तारेच्या टोकाने उचलून सलाइनमध्ये कालवायचे, ते ठरावीक गढूळ झाले की कापसाचा बोळा त्यात बुडवून नव्या प्लेटवर उभा, आडवा, तिरका सारवून घ्यायचा. त्यावर औषध मुरवलेल्या कागदाच्या सहा मिलिमीटरच्या गोल चकत्या चिमट्याने ठेवायच्या आणि प्लेट ३५ अंशांच्या उबेत सोळा ते अठरा तास ठेवून द्यायची. सकाळी प्लेटभर दुधट थर धरलेला असतो, आणि ज्या चकतीतले औषध चालते तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ मोजायचे, तक्त्याशी ताडायचे आणि ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालते) किंवा ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे चालत नाही) लिहायचे.

या सगळ्यात जंतूची अवस्था काय होती ते पाहा. भरपूर खाणे, मोकळी हवा, सुटा जीव आणि भराभर दुप्पट होण्याची घाई. अशा जंतूला हे औषध आवरते का, एवढेच आम्ही विचारले आणि खरे उत्तर मिळाले: आवरते. तुमच्या आईंच्या गुडघ्यातल्या धातूवर बसलेला जंतू तोच आहे, पण तो असा जगत नाही. तुमचा रिपोर्ट चूक नाही, तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

जंतूंना सुटे तरंगण्यापेक्षा कशाला तरी धरून राहणे अधिक मानवते. एकदा चिकटले की ते स्वतःभोवती साखरेचे लांबलचक रेणू, प्रथिने आणि मेलेल्या भाईबंदांचा डीएनए यांचा चिकट थर तयार करतात आणि त्यात दाटीवाटीने राहतात. ही बायोफिल्म. ती तुम्ही रोज पाहता: मोरीच्या जाळीखालची बुळबुळ, बरेच दिवस न घासलेल्या माठाचा निसरडा तळ, सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला लागणारा थर. दातांवरच्या थरातले जीव लेव्हेनहूकने हॉलंडमध्ये १६८० च्या दशकात आपल्या भिंगातून पाहिले, आणि तेव्हाच त्याने लिहून ठेवले की व्हिनेगरने थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, आतपर्यंत ते पोचत नाही. तुमच्या घरातला पेच तोच आहे, व्हिनेगरच्या जागी गोळ्या आहेत इतकेच.

शरीरात बाहेरची वस्तू असली की जंतूंचे काम किती सोपे होते, हे एलेक आणि कोनेन या दोघांनी लंडनमध्ये माणसांच्या त्वचेवरच पाहिले होते. १९५७ साली ते छापून आले. नुसते टोचले तर पस व्हायला दहा लाखांच्या घरात स्टॅफिलोकोकस लागत. टाक्याच्या रेशमी दोऱ्यासोबत गेले तर काही शे पुरत. नुसत्या दोऱ्याने एवढा फरक! आईंच्या गुडघ्यात धातू, प्लास्टिक आणि सिमेंट असा बराच मोठा ऐवज आहे. धातूला रक्तवाहिन्या नसतात, आणि पांढऱ्या पेशी तिथवर पोचल्या तरी थरात रुतलेले जंतू त्यांना नीट गिळता येत नाहीत. म्हणून चांगल्या थिएटरमध्ये, चांगल्या हातून पहिल्यांदा गुडघा बदललेल्या शंभरातल्या एखाद-दोघांना हा त्रास होतोच. पहिल्या ऑपरेशनात कुणीतरी हलगर्जी केली असणारच, असे त्यामुळे मी धरून चालणार नाही. तुम्हीही चालू नका.

आता औषध हरते कुठे? पहिला तर्क सगळ्यांचाच असा असतो की बुळबुळीतून औषध आत शिरत नसेल. काही औषधांचे थोडेफार तसे होतेही. जेंटामायसिनच्या जातीची औषधे थरातल्या रेणूंना चिकटून वाटेत रेंगाळतात. पण अमेरिकेतल्या मोंटाना राज्य विद्यापीठातल्या एका प्रयोगाने २००० साली या तर्काची बरीचशी हवा काढून घेतली. क्लेब्सिएला नावाच्या जंतूकडे अँपिसिलिन वाटेतच फोडून टाकणारे एन्झाइम असते. ते नसलेला क्लेब्सिएला घेतला, तेव्हा अँपिसिलिन थराच्या पार तळापर्यंत गेले. सिप्रोफ्लॉक्सासिनला तर एन्झाइमचीही आडकाठी नव्हती. तरी जंतू मोठ्या संख्येने तगले. औषध आत पोचले होते आणि तिथे जाऊन त्याचे काही चालले नव्हते.

कारण आतले जंतू उपाशी असतात. थराच्या बाहेरच्या बाजूचे जंतू प्राणवायू आणि अन्न आधी संपवतात, आतल्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते, मग ते वाढायचेच थांबतात. आपली बहुतेक अँटिबायोटिक्स वाढत्या जंतूच्या कामात बिब्बा घालतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे जंतूची भिंत रचली जात असताना ती बिघडवतात. बांधकामच बंद असेल तर बिघडवणार काय? जेंटामायसिन पेशीत ओढले जायला जंतूकडे ऊर्जा असावी लागते. उपाशी जंतूकडे ती नसते, म्हणून ते फारसे आत जातच नाही. उपासमारीचा जंतूला असा फायदा होतो, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला थोडे अन्यायाचेच वाटले होते.

त्यातही काही थोडे जंतू जवळजवळ निपचित पडलेले असतात. पेनिसिलिन अजून नव्या नवलाईचे होते तेव्हा, १९४४ मध्ये, जोसेफ बिगर या डब्लिनच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने हे दाखवले. त्याने स्टॅफिलोकोकसवर पेनिसिलिन टाकले; बहुतेक मेले, मूठभर उरले. ते उरलेले घेऊन पुन्हा वाढवले, तर त्यांची संतती पहिल्यासारखीच पेनिसिलिनने मरणारी निघाली. आणि तिच्यातूनही पुन्हा मूठभर उरले.

हे तुमच्या दोन रिपोर्टांशेजारी ठेवून वाचा. गोळ्यांनी थरातून सुटून बाहेर पडणारे जंतू मारले, पस आटला, भोक बुजले. धातूवरचे तसेच राहिले. गोळ्या थांबल्या, ते हलू-वाढू लागले, पुन्हा सांडू लागले. प्रयोगशाळेच्या हाती दोन्ही वेळा लागले ते हे सांडलेले, धडधाकट वाढणारे जंतू, म्हणून दोन्ही वेळा ‘एस’. जंतू औषधाला खरोखर पुरून उरला असता, म्हणजे त्याच्या जनुकांतच बदल झाला असता, तर प्लेटवर वर्तुळ लहान झाले असते आणि आम्ही ‘आर’ लिहिले असते. तसे झालेले दिसत नाही. जंतू तोच आहे, त्याला ठाण मांडायला जागा मिळाली आहे.

रिपोर्टाबद्दल एक खोच मात्र आहे. तुमचा नमुना त्वचेवरच्या भोकातून घेतलेला दिसतो. अशा नमुन्यात त्वचेवरचे जंतू सहज मिसळतात, आणि सांध्याच्या आत असलेला एखादा दुसरा जंतू हुकूही शकतो. खरी माहिती मिळते ती सुईने सांध्यातून काढलेल्या पाण्यातून आणि ऑपरेशनच्या वेळी वेगवेगळ्या जागांहून घेतलेल्या पाच-सहा तुकड्यांतून. अँटिबायोटिक चालू असताना हे नमुने घेतले तर कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, कोरे येण्याची भीती असते. म्हणून ताप वगैरे नसेल तर सर्जन बहुधा दोन आठवडे आधी औषध थांबवायला सांगतात. औषध बंद केले म्हणून घरात घाबरगुंडी उडते, ती उडू देऊ नका. पण स्वतःहून बंदही करू नका, तारीख त्यांच्याकडून घ्या. काढलेले इम्प्लांट ध्वनिलहरींच्या टाकीत हलवून त्यावरचा थर सुटा करायचा आणि मग त्याचे कल्चर करायचे अशी सोय काही मोठ्या प्रयोगशाळांत असते. २००७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या अभ्यासात नेहमीच्या तुकड्यांच्या कल्चरने ६१ टक्के संसर्ग पकडले, या पद्धतीने ७८ टक्के. तुमच्याकडे ती सोय आहे का, विचारून ठेवा.

आता केमिस्टच्या ‘हेवी’कडे येते. हा शब्द काउंटरवर फार चालतो आणि मला तो मनापासून नकोसा आहे. अँटिबायोटिक्समध्ये हलके-भारी अशी पायरी नसते; कुठल्या जंतूवर कुठले चालते, हे असते. लोक ज्याला हेवी म्हणतात ते बहुधा जास्त प्रकारच्या जंतूंवर चालणारे किंवा जास्त महाग असते. साध्या, सेन्सिटिव्ह स्टॅफिलोकोकसवर सेफाझोलिनसारखे जुने, स्वस्त औषध ‘हेवी’ समजल्या जाणाऱ्या व्हॅन्कोमायसिनपेक्षा सरस ठरते. मग डोस वाढवावा का? प्रयोगशाळेत बायोफिल्मला मारायला कधीकधी सुट्या जंतूंच्या शंभर ते हजारपट औषध लागते. रक्तात तेवढे औषध न्यायला गेलात तर जंतूंच्या आधी आईंच्या किडन्या किंवा कान जातील.

सर्जनने सांगितलेले औषधी सिमेंट त्याचसाठी आहे. हॅम्बुर्गच्या बुखोल्झ यांनी १९७० च्या सुमारास हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायला सुरुवात केली. औषध तिथल्या तिथे झिरपते, रक्तात झेपणार नाही इतके सांध्याच्या पोकळीत मिळते आणि बाकीच्या शरीराला त्याची झळ कमी लागते. तरी सिमेंट हा जोडीदार आहे. मुख्य काम थर बसलेली वस्तूच बाहेर काढण्याचे.

सलाइनमधून दिले तर जोर जास्त, असेही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ब्रिटनमध्ये हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या हजाराहून जास्त पेशंटांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. पहिले सहा आठवडे शिरेतून औषध दिलेल्यांत १४.६ टक्के उपचार फसले, तोंडाने दिलेल्यांत १३.२ टक्के. योग्य गोळी असेल तर शिरेतल्या औषधाला उगाच मान द्यायचे कारण नाही.

एक औषध मात्र या गोष्टीत वेगळे आहे, आणि आज ना उद्या तुम्ही त्याचे नाव इंटरनेटवर वाचाल, म्हणून मीच सांगते. रिफाम्पिसिन. टीबीच्या गोळ्यांतले, लघवी केशरी करणारे. ते स्टॅफिलोकोकसच्या बायोफिल्ममध्ये बऱ्यापैकी काम करते. स्वित्झर्लंडच्या झिमरली आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत रिफाम्पिसिन दिलेले आणि कोर्स पुरा केलेले बाराच्या बारा पेशंट बरे झाले. रिफाम्पिसिन न दिलेल्या बारांपैकी सात. वाचून वाटेल की हेच ते हेवी औषध! पण त्या पेशंटांना त्रास सुरू होऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते, त्यांचे इम्प्लांट घट्ट होते आणि सगळ्यांची जागा आधी उघडून साफ केली होती. तुमच्याकडे महिने उलटले आहेत. शिवाय रिफाम्पिसिन एकटे दिले तर जंतू त्याला फार लवकर जुमानेनासा होतो, रक्त पातळ करण्याच्या आणि इतर कितीतरी औषधांचा असर ते कमी करते, आणि आपल्या देशात ते टीबीसाठी जपून ठेवावे लागते. कुठे लपलेला टीबी नाही ना, हे पाहिल्याशिवाय ते सुरू करू नये. कुणा ओळखीच्या केमिस्टकडून तर नाहीच नाही.

ताईंना माझ्यातर्फे हे सांगा. गोळ्या चुकवू नयेत, बरोबर आहे. पण पस आला तो गोळ्या चुकायच्या आधी, आणि एकही गोळी न चुकवता घेतलेल्यांनाही, सांध्यात जुना थर असेल तर, नेमके हेच अनुभवायला मिळते. चुकलेल्या चार दिवसांच्या गोळ्यांमुळे हा थर जन्मला नाही आणि त्या घेतल्या असत्या म्हणून तो गेला असता असेही नाही. एक बाई लग्नाला गेली, चार माणसांत बसली, हा काही गुन्हा झाला नाही. या वादाने आईंना आतल्या आत काय वाटत असेल याचा अंदाज तुमच्या पत्रात मला कुठे सापडला नाही.

पत्रात आणखीही एक गोष्ट सापडली नाही. मामा काय म्हणतात, ताई काय म्हणते, केमिस्ट काय म्हणतो, सगळे आहे. आई काय म्हणतात? त्यांना दुसऱ्यांदा चिरफाड नकोशी आहे का, की दर दोन महिन्यांनी पस पाहून त्या आधीच कंटाळल्या आहेत? त्यांना जिना चढायचा आहे, शेतावर जायचे आहे, की घरातल्या घरात फिरता आले तरी पुरे आहे? सर्जनकडे कुठले उत्तर निवडायचे हे यावर बरेच ठरते, आणि ६८ वर्षांची शुद्धीवरची बाई ते स्वतः सांगू शकते.

मामांचा संशय मी झटकून टाकत नाही, पैशांचे प्रकार होतात हे मलाही माहीत आहे. पण तुमच्या सर्जनने सांगितले ते या आजाराचे जगभर चालणारे उपचार आहेत. सांध्यापासून त्वचेपर्यंत भोक पडून पस येत असेल, तर संसर्ग आहे की नाही हा वादच संपतो, आणि इतक्या महिन्यांनंतर नुसते धुऊन इम्प्लांट जागेवर ठेवणे सहसा टिकत नाही. खरे म्हणजे पहिल्या वेळीच, दोन-तीन आठवड्यांच्या आत जागा उघडून, धुऊन, मधले प्लास्टिक बदलले असते तर कदाचित निभावले असते. ते आता तुमच्या हातात नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या असेल: बदललेला गुडघा अचानक सुजला, गरम झाला, टाक्यांतून पाणी आले, तर जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या आणू नका. ज्यांनी सांधा बसवला त्यांना त्याच आठवड्यात दाखवा.

डॉक्टर बदलण्याआधी दुसरे मत घ्या, आणि तेही लपूनछपून नको. पहिल्या ऑपरेशनची नोंद, इम्प्लांटचा स्टिकर, तारखेप्रमाणे लावलेले सगळे रिपोर्ट आणि एक्स-रे घेऊन जा. इम्प्लांट हलले आहे का, असे सांधे परत बसवण्याचे काम तुम्ही नेहमी करता का, संसर्गतज्ज्ञ सोबत असतील का, हे विचारा. एका टप्प्यात होईल की दोन, हेही विचारा. एकाच ऑपरेशनात जुना काढून नवा बसवण्याची पद्धतही आहे, आणि खुब्याच्या सांध्यावर ब्रिटनमध्ये झालेल्या २०२२ च्या चाचणीत दीड वर्षानंतर दोन्ही पद्धतींत फरक दिसला नाही. गुडघा हा खुबा नव्हे, आणि भोक पडलेले असताना बरेच सर्जन दोन टप्प्यांकडेच झुकतात. तरी कारण ऐकून घ्यायचा हक्क तुमचा आहे. नंतर औषध किती दिवस, हाही प्रश्न आहेच. फ्रान्सच्या २०२१ मधल्या चाचणीत सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी १८ टक्क्यांत संसर्ग राहिला किंवा उलटला, बारा आठवडे घेतलेल्यांत ९ टक्क्यांत. “आता बरे वाटतेय, थांबवू” असे तेव्हा घरात कुणी म्हणू नये म्हणून हे आकडे लक्षात ठेवा.

ऑपरेशन करून सगळे निश्चित ठीक होईल असे मी लिहिणार नाही. चांगल्या केंद्रांत दहातल्या आठ-नऊ जणांचा संसर्ग आटोक्यात येतो, पण काही जण दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि मधले दीड-दोन महिने वॉकरचे, दुखण्याचे आणि परावलंबनाचे असतात. त्या काळात दिवसभर घरात कोण असेल, हे ऑपरेशनच्या तारखेआधी ठरवा. खर्चाचा अंदाज दोन्ही टप्प्यांचा मिळून लेखी मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर केंद्र सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये कमाल मर्यादा घातली, पुन्हा बसवायचे इम्प्लांटही त्यात धरले होते. म्हणून इम्प्लांटची किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काही बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा. मामांना या कामाला लावा. संशयी माणूस बिल चांगले वाचतो.

आणि आई नको म्हणाल्या, किंवा हृदय-किडनीमुळे भूल देणे धोक्याचे ठरले, तर? मग इम्प्लांट ठेवून, कमी त्रासाची एखादी गोळी दीर्घकाळ चालू ठेवायची हाही मान्य मार्ग आहे. त्यात जंतू जात नाहीत, दबून राहतात. भोकातून थोडे पाणी येत राहील, रोजचे ड्रेसिंग राहील, रक्ताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतील. बरे होण्याचा नव्हे, जमवून घेण्याचा मार्ग म्हणून तो डोळे उघडे ठेवून घेतला तर त्यात कमीपणा काही नाही. फसगत होते ती हाच मार्ग नकळत, महिना-महिन्याच्या कोर्सच्या रूपाने आणि दर वेळी ‘आता बरे होईल’ या आशेवर चालवल्यामुळे. गेले काही महिने तुमच्या घरात तेच चालले आहे.

मी आईंना तपासलेले नाही, आणि माझा हात प्लेटवर बसलेला, सांध्यावर नाही. पण माझे मत विचारलेत म्हणून: त्यांची तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी असेल आणि त्यांना पुन्हा जिना चढायचा असेल, तर मी तिसरा, चौथा कोर्स करत बसणार नाही. दुसरे मत घेऊन ऑपरेशनच्या बाजूने जाईन.

तोवर करण्यासारखे बरेच आहे. साखर असेल तर ती आटोक्यात आणा, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करून घ्या. आई मिशरी लावत असतील तर ती आत्ताच सोडवा. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आणि डॉक्टर बाईमाणसाला हे विचारायला विसरतात. दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या असतील तर त्यांचे उपचार आधी उरका. भोकात हळद, मलम, पावडर काही भरू नका आणि ते दाबून पसही काढू नका. थंडी वाजून ताप, गुंगी, बरळणे, लघवी कमी होणे, किंवा मांडीपर्यंत लाली चढणे, यातले काही दिसले तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

असेच प्रश्न लघवीच्या नळीवर असलेल्या वडीलधाऱ्यांबद्दलही येतात. ‘कल्चरमध्ये दर वेळी जंतू निघतात, औषध देतो, पुन्हा निघतात.’ नळी महिनाभर आत राहिली की तिच्यावर थर बसतो आणि लघवीत जंतू दिसणारच. ताप नाही, पोटात दुखत नाही, माणूस नेहमीसारखा आहे, तर सहसा नुसत्या रिपोर्टासाठी औषध द्यायचे नसते आणि उगाच कल्चरही करायचे नसते. ताप आलाच आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी ती बदलून घ्या आणि नमुना नव्या नळीतून द्या, पिशवीतला नको.